वाचक विचारतात : मिस्सा घरापर्यंत पोहोचवताना

चर्चमधल्या मिस्साच्या (कॅथोलिक उपासनाविधीच्या) थेट प्रक्षेपणाविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांत धर्मविधीविषयीचे प्रश्न आहेत, तसे वायरींविषयीचेही आहेत. आम्ही ते वेगळे काढले नाहीत, कारण प्रत्यक्षात ते वेगळे नसतातच. आवाज फाटका असेल तर खाटेवर पडलेल्या माणसापर्यंत प्रभुशब्द पोहोचत नाही.

आमची सकाळची मराठी मिस्सा दर रविवारी यूट्यूबवर जाते. चर्चमध्ये आवाज छान असतो, पण घरून बघणारे सांगतात की गायन विहिरीतून आल्यासारखं वाटतं आणि लोकांची उत्तरं ऐकूच येत नाहीत. मोबाइल तिसऱ्या बाकाशी स्टँडवर असतो. चांगला कॅमेरा घेतला तर फरक पडेल का? (गायनमंडळातील एक भगिनी, वसई)

नाही पडणार. कॅमेऱ्यासाठी जमवलेले पैसे तूर्त बाजूला ठेवा. धूसर चित्रावर माणूस मिस्सा भक्तिभावाने ऐकू शकतो. स्वच्छ चित्र आणि फुटका आवाज असला की दहा मिनिटांत टीव्ही बंद होतो.

तुमचा मोबाइल फादरांचा आवाज ऐकतच नाही. तो भिंतीवरच्या स्पीकरचा आवाज ऐकतो आणि त्यात उंच छताचा, दगडी भिंतींचा घुमारा मिसळलेला असतो. समोर बसलेल्या माणसाचे कान आणि डोळे मिळून तो घुमारा बाजूला सारतात. माइकला ते जमत नाही. म्हणून आवाज थेट मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक जोडलेल्या यंत्रातूनच घ्यायला हवा.

आता इथे बहुतेक जण चुकतात. मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून वायर काढली की काम झालं असं वाटतं. पण तुमचं गायनमंडळ चर्चमध्ये माइकशिवायही ऐकू जातं, म्हणून मिक्सरवर बसलेल्या मुलाने गायकांचे माइक जेमतेम उघडलेले असतात. मुख्य आउटपुटमध्ये भरपूर फादर आणि चिमूटभर गायन असतं. घरी नेमकं तेच पोहोचतं. मिक्सरवर प्रत्येक चॅनलला ‘ऑक्स’ नावाचं एक वेगळं बटण असतं. त्याने प्रक्षेपणासाठी स्वतंत्र मिश्रण तयार होतं आणि चर्चच्या आवाजाला धक्का लागत नाही. वेदी आणि वाचनपीठ यांचे माइक ऑक्सवर मध्यावर ठेवा, गायकांचे त्याच्या वर न्या, कीबोर्ड खाली ठेवा. ऑक्स ‘पोस्ट-फेडर’ असावा. म्हणजे फादर वेदीवरून आसनाकडे गेले आणि माइकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली आला, की प्रक्षेपणातही तो खाली येतो. ‘प्री-फेडर’ ठेवला तर फेडर पार खाली आणल्यावरही माइक प्रक्षेपणात उघडा राहतो, आणि साक्रिस्टीतल्या (फादर तयारी करतात त्या खोलीतल्या) गप्पा थेट कॅनडापर्यंत जातात.

लोकांच्या उत्तरांसाठी एक जादा माइक लागेल. तो बाकांच्या रांगांपासून तीन-चार मीटर अंतरावर, डोक्यांच्या वर, शक्यतो एखाद्या खांबावर लावा. त्याचं तोंड लोकांकडे असू द्या, स्पीकरकडे नको. हा माइक फक्त प्रक्षेपणात गेला पाहिजे, चर्चच्या स्पीकरमध्ये मुळीच नको, नाहीतर शिट्टी वाजेल. एक अडचण अशी की पोस्ट-फेडर ऑक्सवर फेडर बंद केला तर हा माइकही बंद पडतो. म्हणून या चॅनलचा फेडर वर ठेवून त्याची मुख्य आउटपुटची जोडणी काढून टाका. तसं बटण तुमच्या मिक्सरवर नसेल, तर हा माइक मिक्सरला जोडूच नका, थेट ऑडिओ इंटरफेसच्या (मिक्सर आणि लॅपटॉप यांच्यामधल्या डब्याच्या) दुसऱ्या इनपुटला द्या. आवाज जेमतेम जाणवेल इतकाच ठेवा. ‘आमेन’ एका माणसाचं न वाटता घोळक्याचं वाटलं, की पुरे.

मिक्सरची वायर मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. मिक्सरमधून निघणारा विद्युतदाब माइकच्या अपेक्षेपेक्षा शंभरेक पटींनी जास्त असतो. मग आवाज फाटतो आणि नंतर काहीही केलं तरी दुरुस्त होत नाही. मध्ये दोन चॅनलांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या आणि त्याच्यावरचं मिक्सरच्या इनपुटचं बटण ‘लाइन’वर ठेवा. ओबीएस (लॅपटॉपवरून प्रक्षेपण करायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आवाजाच्या पट्टीवर बोलणं उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास नाचलं पाहिजे. चाचणी ‘हॅलो, हॅलो’ म्हणून घेऊ नका. मिस्सातला सर्वांत मोठा आवाज प्रवचनाचा नसतो. कीबोर्डसह सगळे मिळून ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ गातात तेव्हा तो असतो. गायकांना १५ मिनिटं आधी बोलावून तेच गाऊन घ्या.

दोन बारीक गोष्टी. एकच वायर आली तर आवाज फक्त डाव्या कानात जातो, म्हणून ओबीएसच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज’मध्ये ‘मोनो’वर खूण करा. आणि ‘नॉइज सप्रेशन’ बंद ठेवा. ते बोलण्यासाठी बनवलेलं आहे. कीबोर्डचा लांबलेला स्वर आणि घंटा त्याला गोंगाट वाटतो, नि तो सगळं पुसून टाकतो.

लॅपटॉप जोडल्यापासून सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. दुसरं म्हणजे फादरांचे ओठ मागे आणि शब्द पुढे. (ध्वनिव्यवस्था सांभाळणारा युवक, विरार)

घूं आवाज अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. मिक्सर एका सॉकेटवर आहे, लॅपटॉपचा चार्जर दुसऱ्या भिंतीवर आहे, आणि ऑडिओच्या वायरीने दोघांचं अर्थिंग जोडलं जातं. खात्री करायची तर चार्जर उपटून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज गेला, तर निदान बरोबर. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून कुणी माइक हातात घेतला, तर जिवावर बेतेल.

ओठांचं कारण वेगळं आहे. एचडीएमआय कॅप्चर कार्डातून (कॅमेरा लॅपटॉपला जोडणाऱ्या उपकरणातून) येणारं चित्र थोडं उशिरा पोहोचतं आणि मिक्सरचा आवाज लगेच येतो. मग आवाजालाच थांबवायचं. कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि आवाज आल्यानंतर किती फ्रेमनी तळवे एकमेकांना लागतात ते मोजा. ३० फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. पाच फ्रेमचा फरक असेल, तर ओबीएसमधल्या ‘सिंक ऑफसेट’मध्ये आवाजाला १६५ घाला. टाळी माइकजवळ वाजवा. दूर वाजवली तर हवेतल्या अंतराने मोजमाप बिघडतं.

माझं वय ८२. गुडघ्यांमुळे दोन वर्षं चर्चला जाता येत नाही. रविवारी टीव्हीवर मिस्सा बघते. माझं रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं का? मुलगा म्हणतो, ‘आई, तुला चालतं तर मलाही चालेल.’ (एक आजी)

आजी, तुम्हाला ते कर्तव्य लागूच नाही. चर्चच्या कायद्यातला कॅनन (कलम) १२४७ रविवारी मिस्सात सहभागी व्हायला सांगतो. पण आजारपण किंवा तान्ह्या बाळाची काळजी अशा गंभीर कारणाने ज्याला जमत नाही, त्याच्यावर हे बंधन नाही, असं कॅथोलिक शिकवणुकीच्या ग्रंथात (परिच्छेद २१८१) स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे टीव्हीसमोर बसल्याने कर्तव्य ‘फेडलं’ जात नाही, आणि तुमच्या बाबतीत फेडायचं काही राहतही नाही. तुम्ही करता ती प्रार्थना आहे, आणि ती खरी आहे. मुलाचे गुडघे ठणठणीत असतील, तर त्याचं उत्तर निराळं. त्याला शनिवारच्या संध्याकाळची मिस्साही चालते, कॅनन १२४८ तशी मुभा देतो. सोफा मात्र चालत नाही.

शक्यतो थेट मिस्साच लावा, दुपारी साठवलेली नको. २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीत, रोमच्या उपासना मंडळाने पवित्र आठवड्यासाठी जो आदेश काढला, त्यातही प्रक्षेपण ‘थेट, रेकॉर्ड केलेलं नव्हे’ असं म्हटलं होतं. तुमचा धर्मग्राम (तुमच्या चर्चचा लोकसमुदाय) ज्या घटकेला प्रार्थनेत असतो, त्याच घटकेला तुम्हीही असावं, हा त्यामागचा विचार. मिस्सा चालू असताना शेंगा सोलू नका, एवढीच विनंती. मेणबत्ती लावा, उत्तरं मोठ्याने द्या, ख्रिस्तप्रसादाच्या (पवित्र भाकरीच्या) वेळी संत आल्फोन्सस लिगोरी यांची आध्यात्मिक ख्रिस्तप्रसादाची प्रार्थना म्हणा.

आणि एवढ्यावर थांबू नका. ख्रिस्तप्रसाद घरी मागवा. तो तुमचा हक्क आहे. फादरांना किंवा ख्रिस्तप्रसादाच्या नियुक्त सेवकांना निरोप द्या. रविवारच्या मिस्सातूनच ते थेट तुमच्या घरी येऊ शकतात. नातवाच्या हाती रुमालात बांधून आणण्याची पद्धत नाही, त्यासाठी नेमलेली माणसं आहेत. टीव्हीसमोर पाव आणि द्राक्षारस ठेवले तर ते पाव आणि द्राक्षारसच राहतात. पापनिवेदनही फोनवर होत नाही. त्यासाठीही फादरांना घरीच बोलवा.

जाता जाता : असिसीची संत क्लेअर आजारपणात नाताळच्या मिस्साला जाऊ शकली नाही, तेव्हा तिला ती मिस्सा आपल्या खोलीत दिसली, अशी कथा आहे. त्यावरूनच पोप बारावे पायस यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत ठरवलं.

लॉकडाऊन संपून वर्षं झाली. धडधाकट माणसंही आता घरी बसून मिस्सा ‘बघतात’. आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये (धर्मग्रामाच्या समितीत) प्रक्षेपण बंद करावं असा सूर आहे. (कौन्सिल सदस्य)

बंद करू नका, कमी करा. रविवारच्या पाचही मिस्सा दाखवायची गरज नाही. एकच दाखवा, आणि ती आजारी माणसांच्या सोयीच्या वेळेची असू द्या, सकाळी सहाची नव्हे. धर्मग्रामात खाटेवर कोण आहे याची यादी फादरांकडे असतेच. त्या यादीतल्या किती घरांत स्मार्ट टीव्ही आहे, किती घरांत सुनेचा मोबाइल उशीला टेकवून मिस्सा लावतात, हे एकदा विचारून घ्या. प्रक्षेपण कुणासाठी आहे ते कळलं की निम्मे वाद मिटतात.

चित्रफीत किती काळ ठेवायची, हाही निर्णय कौन्सिलने घ्यावा. आमचं मत असं : संपूर्ण मिस्सा त्याच रात्री चॅनलवरून काढावी, हवं तर प्रवचन कापून ठेवावं. मिस्सा कधीही लावता येते असं झालं की तिची वेळ उरत नाही. दुपारी जेवताना कुणीतरी ती लावतं आणि समर्पणाच्या प्रार्थनेला पुढे सरकवतं. २००२ साली परमगुरूंच्या (पोप यांच्या) प्रसारमाध्यम परिषदेने इंटरनेटविषयी जो दस्तऐवज काढला, त्यातलं एक वाक्य अजून पुरतं : इंटरनेटवर साक्रामेंत (पवित्र संस्कार) नाहीत. मात्र त्याच दस्तऐवजाने माध्यमाकडे पाठ फिरवायलाही सांगितलेलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच उपासनेवरील संविधानाच्या २०व्या परिच्छेदात रेडिओ-टीव्हीवरील विधींसाठी दोन अटी घातल्या होत्या. ते विवेकाने आणि प्रतिष्ठा राखून व्हावेत, आणि त्यासाठी बिशपांनी नेमलेला जबाबदार माणूस असावा. तुमच्या धर्मग्रामात असा एक प्रौढ माणूस नाव घेऊन नेमा. आज बहुतेक ठिकाणी हे काम अकरावीतल्या मुलाच्या मोबाइलवर चालतं. यूट्यूबने जुलै २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना एकट्याने लाइव्ह करायची परवानगी काढून घेतली आहे, हेही लक्षात असू द्या.

कॅमेरा कुठे ठेवावा? माळ्यावर ठेवला तर वेदी मुंगीएवढी दिसते, मधल्या वाटेत ठेवला तर लोक चिडतात. (युवक, वसई)

लोक बरोबर चिडतात. मधली वाट मिरवणुकीची आणि ख्रिस्तप्रसादाची आहे.

मुंगीचं गणित सोपं आहे. मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २६ मिलिमीटरची धरली, तर २० मीटरवरून सुमारे २८ मीटर रुंदी चित्रात येते. वेदी दोन-अडीच मीटरची, म्हणजे ती चित्राच्या दहाव्या हिश्शात बसते. तोच मोबाइल सहा मीटरवर आणला, तर आठेक मीटर रुंदी येते आणि वेदी, वाचनपीठ, फादरांचं आसन असं सगळं एका चौकटीत मावतं. बोटांनी चित्र ताणून मोठं केलं तर ते फक्त भुरकट होतं. माळ्यावरूनच घ्यायचं असेल, तर खरी ऑप्टिकल झूम असलेला कॅमेरा लागेल. नसेल तर बाजूच्या पहिल्या खांबाला, जमिनीपासून दोन मीटर उंचीवर मोबाइल बसवा. दीड मीटरवर लावला तर शुभवर्तमानाच्या वाचनाला सगळे उभे राहतात आणि मग फक्त डोकी दिसतात.

काय दाखवावं, हे काय दाखवू नये यावरून ठरतं. ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यांची तोंडं नकोत. त्या वेळी कॅमेरा क्रूसावर, वेदीवर किंवा गायकांवर न्या. समर्पणाच्या प्रार्थनेत कॅमेरा हलवू नका. पात्र वर उचललं जातं तेव्हा झूम करायचा मोह होतो, पण तिथे हात थरथरतोच. पडद्यावर सरकत्या जाहिराती नकोत, अभिनंदनाच्या पट्ट्याही नकोत. फादरांनी सुरुवातीला एकदा घरच्यांचं स्वागत केलं की पुरे, नंतर त्यांनी समोरच्या लोकांकडे बघावं. लेन्सकडे बघून दिलेलं प्रवचन चर्चमध्ये बसलेल्यांना परकं वाटतं.

चित्र फिकं पडत असेल, तर कारण बहुधा पांढरा पोशाख आणि पांढरं वेदीवस्त्र. स्वयंचलित कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो, भोवतीच्या अंधाऱ्या भिंती बघून प्रकाश वाढवतो, आणि फादर पांढरा डाग होतात. वेदीवस्त्रावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा नि किंचित खाली आणा. चित्रात पट्टे सरकत असतील तर ते एलईडी दिव्यांचे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. वेदीमागे खिडकी असेल तर सकाळी तिथे पडदा लावा. दुसरा उपाय नाही.

पास्काच्या जागराला (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीला) हे सगळं उलटं होतं. चर्च काळोखात असतं, कॅमेरा घाबरून चित्रात मुंग्या भरतो, आणि पास्काची मेणबत्ती पेटली की ती फुटलेल्या दिव्यासारखी दिसते. आदल्या दिवशी अंधार करून एक मेणबत्ती लावा, तिच्या ज्योतीचा आकार दिसेल इतका प्रकाश ठरवा आणि तिथेच लॉक करा. बाकी पडदा काळा राहिला तर राहू द्या. त्या रात्री काळोखच दाखवायचा असतो. कॅमेऱ्यासाठी ट्यूबलाइट लावायची सूचना कुणी केली, तर त्याला नम्रपणे बाहेर अग्नीजवळ उभं करा.

मिस्सामधल्या एका गीतावर यूट्यूबने ‘कॉपीराइट क्लेम’ लावला. गीत आमच्याच गायकांनी गायलं होतं. आता चॅनल बंद होईल का?

क्लेम आणि स्ट्राइक यांत फरक आहे. क्लेम यंत्र लावतं. त्यात बहुधा एवढंच होतं की जाहिरातीचे पैसे दुसऱ्याला जातात किंवा चित्रफीत काही ठिकाणी दिसत नाही. स्ट्राइक मालकाच्या तक्रारीवरून लागतो, आणि ९० दिवसांत तीन लागले तर चॅनल जातं.

गायकांचा आवाज तुमचाच असला तरी मागे वाजणारा तयार ट्रॅक कुणाच्या तरी अल्बममधला असेल. यंत्र तोच ओळखतं. साथ स्वतःच्या कीबोर्डची असली की हा त्रास बराच कमी होतो. मिस्सा सुरू होण्याआधी अर्धा तास भक्तिगीतांची सीडी लावून ‘थोड्याच वेळात’ची पाटी दाखवायची सवयही सोडा, क्लेम तिथेच जास्त लागतात. त्याऐवजी शांत चित्र आणि चर्चची घंटा पुरे.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(झेडए) मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीदरम्यानच्या गायनवादनाला सूट आहे. यूट्यूबकडे हरकत नोंदवताना तिचा उल्लेख करा. उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस असतात. सूट मात्र विधीदरम्यानची आहे. तीच गीतं वेगळी कापून ‘भक्तिगीतांची मेजवानी’ म्हणून टाकलीत, तर त्या कलमाचा आधार घेऊ नका. गीतकार-संगीतकार आपल्याच भागातले असतील तर सरळ लेखी परवानगी मागा. आनंदाने देतात.

नाताळच्या मध्यरात्री प्रक्षेपण दरवर्षी तुटतं. इतर दिवशी ठीक चालतं.

त्या रात्री चर्चच्या आवारात सगळ्या गावाचे मोबाइल एकाच टॉवरवर असतात, आणि निम्मे नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याचे व्हिडिओ पाठवत असतात. मोबाइल डेटावर विसंबू नका. फादरांच्या निवासातल्या ब्रॉडबँडपासून चर्चपर्यंत कॅट-६ वायर ओढा. १०० मीटरपर्यंत ती मध्ये काही न जोडता चालते. वायफायचं अंतर तेवढंच असलं तरी भरलेल्या चर्चमध्ये माणसांची शरीरंच सिग्नल शोषतात.

ओबीएसच्या सेटिंगमध्ये चित्र ७२०पी, २५०० केबीपीएस, की-फ्रेम दोन सेकंद, ऑडिओ १२८ केबीपीएस, एवढं मिस्साला भरपूर आहे. त्यासाठी अपलोड वेग त्याच्या दुप्पट, म्हणजे पाच-सहा एमबीपीएस हवा. तो शनिवारी दुपारी नाही, मिस्साच्या वेळी मोजा. लाइट गेली तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर हवेत. लोक राउटरला यूपीएस देतात आणि डबा विसरतात.

पर्यायी म्हणून हॉटस्पॉट ठेवत असाल तर हिशोब करा. वरच्या सेटिंगला तासाला साधारण १.२ जीबी लागतो. सव्वा तासाची मिस्सा म्हणजे दीड जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल आणि त्यातून सकाळी दोन रील पाहिले असतील, तर ख्रिस्तप्रसादानंतर चित्र गोठतं. लोकांना वाटतं टॉवर गेला. त्या मोबाइलवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, कव्हर काढा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. उन्हात झावळ्यांच्या रविवारची (ईस्टरच्या आदल्या रविवारची) मिरवणूक दाखवताना मोबाइल तापून ॲप आपोआप बंद पडतं. तेव्हा आशीर्वाद आणि चर्चमधला प्रवेश एवढंच दाखवा.

आम्ही पडद्यावर दानासाठी क्यूआर कोड दाखवतो. परदेशातून बघणारे बरेच आहेत. चालेल ना?

मिस्सा चालू असताना कोड नको, शेवटच्या आशीर्वादानंतर दाखवा. पण खरी काळजी वेगळी आहे. परदेशी देणग्यांवरच्या कायद्याप्रमाणे (एफसीआरए, २०१०) परदेशी नागरिकाकडून दान घ्यायला संस्थेची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावं लागतं. कुवेतमधला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवत असेल, तर ते परदेशी दान नाही. टोरांटोची आत्या कॅनडाची नागरिक झाली असेल, तर ते परदेशी दान आहे, तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी. कोडखाली ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी’ असं लिहा आणि पावती देताना विचारा. धर्मग्रामाच्या हिशोबनिसाला हे आधीच माहीत असतं. प्रक्षेपण करणाऱ्या मुलांना नसतं.

अंत्यविधीची मिस्सा परदेशातल्या मुलांना दाखवायची असते. एका दिवसात सगळं करावं लागतं.

म्हणूनच चॅनल आधी तयार हवं. यूट्यूबवर लाइव्ह पहिल्यांदा सुरू करताना फोन नंबर पडताळल्यावर २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. मोबाइल ॲपवरून करायचं तर ५० सबस्क्रायबर लागतात, लॅपटॉपवरून ती अट नाही. चॅनल चालू असेल तर सकाळीच कार्यक्रम शेड्यूल करा, लिंक ‘अनलिस्टेड’ ठेवा आणि फक्त कुटुंबाला द्या. लिंक पुढे सरकली तर कुणीही बघू शकतो, हे त्यांना सांगा. वसईत संध्याकाळी साडेचारचा विधी म्हणजे कुवेतमध्ये दुपारचे दोन, टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे सात आणि हिवाळ्यात सहा. लिंकसोबत त्यांच्या घड्याळाची वेळही लिहा.

कॅमेरा बाजूला उंचावर ठेवा. चौकटीत शवपेटी आणि वेदी असू द्या, पहिल्या बाकावर रडणारं कुटुंब नको. मृताच्या चेहऱ्याचं जवळून चित्र कुटुंबाने मागितलं तरच दाखवा.

थोडक्यात

*लाइव्ह चॅट दिसेनासं झालं.* बालकांच्या मिस्सासाठी ‘मेड फॉर किड्स’वर खूण केली असणार. तसं केलं की चॅट आणि प्रतिक्रिया दोन्ही बंद होतात. खरं तर मिस्साच्या वेळी चॅट बंद असलेलं बरं, प्रार्थनेच्या विनंत्या आधी फोनवर घ्या.

*प्रथम ख्रिस्तप्रसादाचं प्रक्षेपण?* पालकांची लेखी संमती वर्गाच्या पहिल्याच दिवशी घ्या, विधीच्या सकाळी नव्हे. मुलांची नावं पडद्यावर टाकू नका.

*आवाज दोनदा येतो.* प्रक्षेपणाच्या लॅपटॉपवरच कुणीतरी यूट्यूबचं पान उघडून ठेवलं आहे. ते बंद करा आणि ओबीएसमध्ये ‘डेस्कटॉप ऑडिओ’ म्यूट करा. तपासायचं असेल तर वेगळ्या मोबाइलवर, इअरफोन लावून, चर्चच्या बाहेर उभं राहून ऐका.